दुसऱ्या भागातला राक्षस

आमच्या तलवारबाजीच्या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग तयार होत होता. तो खेळून बघायला आम्ही बनशंकरीच्या ऑफिसात काही अनोळखी कानडी लोक बोलावले होते. त्यांत साठीच्या एक बाई होत्या. बांगड्या वर सारून त्यांनी कंट्रोलर घेतला. राक्षस अंगावर आला की त्या खुर्चीतच बाजूला झुकायच्या. दोन-चार वारांत राक्षस पडला, तशा त्या चक्क मराठीत पुटपुटल्या, "एवढंच?"

मी विचारलं, "का अक्का, आवडलं नाही?"

"पहिल्या भागात तलवार जड होती. स्वल्प थांबून, त्याचा डाव बघून मारायला लागायचं. हरले तरी हसू यायचं. ह्यात नुसतं बटण दाबत सुटायचं. तुम्ही मला जिंकवलंत, खेळवलं नाहीत."

त्यांची कॉफी संपेपर्यंत मी तलवार जड केली आणि राक्षसाला चपळ. मग बाई लागोपाठ हरत गेल्या आणि दर वेळी खदखदून हसल्या. सगळं ऑफिस त्यांच्या खुर्चीमागे जमलं. अखेर राक्षस कोसळला तेव्हा एवढा आरडाओरडा झाला, की त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्या मात्र पदराने घाम पुसत मला म्हणाल्या, "बघतोस काय? परत लाव की!"