गोठलेली लस आणि वाघमारेबाई

सुई टोचण्याआधी नर्स वाघमारेबाई लसीची बाटली पोराच्या आईच्या हातात द्यायच्या. भूमच्या दवाखान्यात मी आरोग्यसेवक म्हणून नवाच लागलो होतो. मला हा वेळखाऊपणा वाटायचा. कुणी विचारलं, "बाई, ह्यात काय घातलंय?" की बाकीचे म्हणत, "औषध हाय, पोराला गच्च धर." बाई मात्र निवांत सांगत बसायच्या. "मेलेलं जंतू हायत अन् मारून टाकलेलं विष. अंगाला रोगाची वळख पटाय. अन् चिमूटभर तुरटी. गढूळ पाण्यात फिरवता न्हवं, तसलीच." मला म्हणायच्या, "ज्याच्या अंगात घालायचं, त्याला सांगून घालावं."

ते दुष्काळाचं साल. वाशीच्या बाजूला खडी फोडायचं काम चालू होतं, तिथल्या बायकांच्या पोरांना घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची त्रिगुणी लस द्यायची होती. बाटली बर्फाला टेकू द्यायची नाही, असं बाईंनी बजावलेलं. पण ऊन असं, की मला वाटलं जितकं गार तितकं चांगलं. आदल्या संध्याकाळी बाटल्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यातच ठेवल्या. सकाळी दगड झालेल्या. हातात चोळून वितळवल्या आणि पेटीत घातल्या. बाई एका बाळंतपणात अडकल्या होत्या, म्हणून पोरांना मीच टोचलं.

दुपारी बाई आल्या. उरलेली बाटली हलवून पाहिली. मग आपल्या पिशवीतली दुसरी काढली आणि दोन्ही उन्हात धरल्या. त्यांची ताकासारखी एकसारखी पांढरी. माझ्या बाटलीत कण झरझर तळाला बसत होते.

"ही गोठली व्हती का रे?"

"न्हाय, बाई."

त्यांनी माझी बाटली बाजूला ठेवली. मग खडीच्या ढिगावर चढून बायकांना गोळा केलं. "सकाळची लस गोठलेली व्हती. पोरांना धोका न्हाय, दंड जरा दुखंल. पण तिच्यातली ताकद गेलीय. परत टोचावं लागंल. चूक आमची हाय."

त्यांच्यातली पारूबाई म्हणाली, "चूक तुमची अन् दंड माझ्या लेकराचा व्हय?"

"व्हय. तसंच झालंय खरं."

दवाखान्यात डॉक्टर तडकले, "कशाला सांगितलंत? कुणाला कळलं असतं?"

"पोराला घटसर्प झाल्यावर कळलं असतं, सायेब."

पुढं त्या घरोघर फिरल्या. दारात शिव्या खाल्ल्या, पण एकही पोर सोडलं नाही. माझं नाव त्यांनी कुठंच घेतलं नाही. मला पुन्हा विचारलंही नाही.

बाई गेल्या त्या वर्षी शोकसभेत म्हातारी पारूबाई उठून म्हणाली, "चुकली व्हती बाई, पन तोंडावर सांगाय आली." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

त्या मानेनं मला झोपू दिलं नाही. परवा पारूबाईच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

"मग बाई आमच्या शिव्या खात व्हती, तवा तुमी कुठं व्हता?"

"शेजारीच उभा होतो," मी म्हणालो.