पाखरांसाठी लावलेलं झाड

सावेडीतल्या आमच्या बंगल्यापुढचं सिंगापूर चेरीचं झाड मी हौसेने लावलेलं नाही. सासूबाई गेल्यावर सासरे, म्हणजे आमचे मामा, राजूरजवळच्या गावी एकटेच राहायचे. पावसाळ्यात पडवीत पाय घसरून पडले, तर दुपारपर्यंत कुणाला पत्ता नाही. नवरा त्यांना इकडे घेऊन आला. पण मामांची पिशवी कायम भरलेली, आणि रोज चहाबरोबर एकच प्रश्न, "राजूरची गाडी कवा हाय?"

म्हणे, "हितं पाखरूसुदिक बोलत न्हाई. करमंना."

पाखरू हवंय ना, घ्या पाखरं. नर्सरीवाला म्हणाला, हे लावा, बारा महिने लाल फळं धरतं, बुलबुल दारात येतील. मीच पाणी घातलं, शेणखत आणलं, शेळ्या हाकलल्या. झाड भराभर वाढलं. बुलबुल आले, कोकिळा आल्या, तांबट आले. मागोमाग स्कूटरवर शिंतोडे आले, दारात मुंग्या आल्या, आणि डाग पडलेल्या कुरडयांचं ताट घेऊन शेजारच्या काकू आल्या. मी सगळ्यांपुढे हात जोडले. मामा रमले की मिळवलं.

आणि मामांनी काय करावं? एका सकाळी धडाधड आवाज आला म्हणून बाहेर धावले, तर हे झाडाखाली खुर्ची टाकून तेलाचा रिकामा डबा काठीने बडवत होते. "हाऽऽ हुर्र!"

"मामा, अहो, पाखरांसाठीच लावलंय ते."

"पाखरांसाठी कोन झाड लावतं? समदं खाऊन जातील."

जन्मभर भाताची राखण केलेल्या माणसाला काय समजावणार, माझं कपाळ. त्या दिवसापासून उजाडलं की डबा सुरू. संध्याकाळी मी कामावरून आले की राखलेल्या चेऱ्यांची वाटी पुढे. घरात कुणी खात नाही. एक वाटी काकूंकडेही जाते. काकू आता कुरडयांचं नाव काढत नाहीत, डब्याचं काढतात.

दिवाळीच्या तोंडावर माझं डोकं फिरलं. "मामा, इथं करमत नसेल तर उद्या राजूरच्या गाडीत बसवून देते तुम्हाला." बोलून गेले. ती ओली पडवी डोळ्यांपुढे आली.

मामांनी काठी मांडीवर ठेवली. "मंग राखन कोन करनार? तुमी दोगं दिसभर कामाला. उभं पीक टाकून मानूस गावाला जातो व्हय? फळ सरलं की जाईन."

नर्सरीवाला फळांबद्दल काय म्हणाला होता, ते मामांना आजवर कुणी सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी येताना किराणा दुकानातून तेलाचा एक रिकामा डबा मागून आणला. जुना पार चेपला होता, त्याचा आवाज निघत नव्हता.