ॲपल मामाची उरलेली कथा

घरात कुणी आजारी नाही असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला ॲपल मामा एक सफरचंद फुकट द्यायचा. तंजावुरात मोठ्या दवाखान्यासमोर फळांचं दुकान मांडलेल्या माणसाने असं वागणं म्हणजे धंद्यावर पाणी सोडणंच. कारण आंबा, फणस आणि केळं ही तीन सोडली तर आमच्या गावात फळ म्हणजे पथ्य. सफरचंदांची पिशवी घेऊन राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत शिरलात की चार दारांतून चौकशी व्हायची: कोण पडलंय, कधीपासून, डॉक्टर काय म्हणतो. माझ्या वडिलांनी एकदा हौसेने दोन सफरचंदं आणली, तर संध्याकाळपर्यंत तीन बायका आईला गरम रसम देऊन गेल्या.

मामाला हे फार सलायचं. फळं तोलण्याआधी तो प्रत्येकाला विचारायचा, आमच्यातल्यांना मराठीत, बाकीच्यांना तमिळमध्ये, "कोण आजारी आहे?" कुणी असेल तर तोंड पाडून तोलायचा. नसेल तर फुलायचा, आणि पिशवीत एक जास्तीचं पडायचं. पुढे गाव हुशार झालं. वर नातेवाइकाला सलाइन लावून खाली उतरलेले लोकही छाती काढून सांगू लागले, घरी सगळे ठणठणीत. मामाला ते कळायचं. म्हणायचा, "खोटं कां होईना, तोंडातून चांगलं निघालं कीं नाही?"

तो आईचा धाकटा भाऊ. माझे आजोबा तिरुवैयारूला कीर्तनं करत. त्यांचा गळा मामाकडे आला नाही, हातवारे मात्र सगळे आले. सरकारी कचेरीतली कारकुनी सोडून तो फळं विकायला बसला, तेव्हा आजोबा महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा एवढंच म्हणाले, "निदान ओरडून तरी विकूं नकोस."

मग ती वर्षं आली. गल्लीत केबलच्या तारा लोंबू लागल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या आणि एके दिवशी मामाच्या दुकानात अमेरिकेची सफरचंदं उतरली. तोवर यायची ती हिमाचलची, लाकडी पेटीत, गवतात, आगगाडीचे धक्के खात. कुणाला डाग, कुणाला पोचा. ही मात्र पुठ्ठ्याच्या खोक्यात, प्रत्येकाला वेगळा खळगा, अंगावर मेणाची झिलई, कपाळावर टिकलीसारखा स्टिकर. नवी सून मेण्यातून उतरावी तसे लोक बघायला जमले.

त्याच सुमारास राजवाड्यातल्या ग्रंथालयातले मोडी कागद वाचायला एक अमेरिकन बाई आल्या होत्या आणि आमच्या समोर राहत होत्या. मामाच्या हातातलं ते लालभडक फळ पाहून त्या हसतच सुटल्या. त्यांच्या आजोबांची सफरचंदांची बाग होती. त्यांनी मामाला त्या फळाची सगळी कुळकथा सांगितली, आणि आमच्या घराण्याला कीर्तनकार परत मिळाला.

कथा अशी. अमेरिकेत एक शेतकरी होता. मामाच्या सांगण्यात तो खांद्यावर उपरणं टाकायचा आणि त्याची बायको ताकभात कालवायची. त्याच्या बागेत झाडं ओळीत लावलेली. एक रोप ओळ सोडून उगवलं. त्याने कापलं. ते पुन्हा आलं. पुन्हा कापलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा कोयता खाली ठेवून तो म्हणाला, "जगायचंच असेल तर जग, बाबा." इथे मामा खरोखरच कोयता खाली ठेवायचा. तो शेजारच्या शहाळेवाल्याचा असल्यामुळे शहाळेवाल्याचा धंदा तेवढा वेळ बंद. पुढे शेतकऱ्याने फळं स्पर्धेला पाठवली. एका रोपवाटिकेच्या मालकाने चावा घेतला आणि डोळे मिटले. पण पाठवणाऱ्याचं नाव-गाव हरवलेलं. बिचारा वर्षभर वाट बघत बसला, फळ पुन्हा येईल म्हणून. आलं. त्याने झाडाचे हक्क विकत घेतले, 'डिलिशस' असं नाव ठेवलं, गावोगाव रोपं विकली. ओळ सोडून उगवलेलं रोप दुनियाभर ओळीत लावलं गेलं. एवढं म्हणून मामा तराजू उचलायचा.

बाईंनी कथा याच्याही पुढे सांगितली होती. तो भाग मामा कुणालाच सांगत नसे. विचारलं तर म्हणायचा, "उरलेली कथा विकायची नाही, गे."

या कथेवर सफरचंद तापातून उठलं आणि घराघरांत गेलं. एकच ठिकाण राहिलं होतं, मंगलकार्य. आमच्याकडे लग्नाच्या देण्याघेण्यात फळांची ताटं मांडतात, वरिसै म्हणतात त्याला. त्यात आजाऱ्याचं फळ कोण ठेवणार? मामाने ठरवलं, ते आपल्या भाचीच्या लग्ननिश्चयाला ठेवायचं. भाची म्हणजे मी.

माझा निश्चय हा आधीच नाजूक मामला होता. मी सावळी. आई पत्रात 'गव्हाळ' लिहायची, तो गहू कुठल्या शेतातला ते मी कधी विचारलं नाही. दोन स्थळं रंगावरून परत गेली होती, आणि ही गोष्ट आम्ही तिसऱ्यांपासून झाकून ठेवली होती. तिसरे कुंभकोणमचे. मुलगा बँकेत, मान खाली घालून बसणारा. घरात शब्द चालायचा तो त्याच्या आत्याचा, आणि त्यांनी मला फक्त फोटोत पाहिलं होतं.

आत्याबाईंनी हॉलमध्ये पाऊल ठेवलं आणि त्यांची नजर सफरचंदांच्या ताटावर गेली. कुणाला बरं नाही, त्यांनी विचारलं. मामा पुढे झाला आणि त्याने कथा सांगितली, ताकभातासकट. हॉल हसला. आत्याबाईही हसल्या. ताटातलं एक फळ उचलून म्हणाल्या, "रंग मात्र सुरेख आहे हो." मग माझ्याकडे पाहिलं. "मुलगी फोटोत उजळ दिसत होती."

आई जमिनीकडे बघू लागली. वडील घसा साफ करू लागले. मामा सुरी घेऊन पुढे आला. मग म्हणाला, "बसा, आत्याबाई. कथा संपली नाहीं."

हॉलमधले निम्मे लोक त्याची गिऱ्हाइकं होते. त्या सगळ्यांदेखत त्याने उरलेली कथा सांगितली. ते पहिलं फळ एवढं लाल नव्हतंच, पिवळ्यावर तांबड्या रेषा होत्या. मग कुठल्याशा बागेत एका फांदीला जरा जास्त लाल फळ आलं. ती फांदी विकली गेली. मग तिच्याहून लाल शोधलं, मग त्याहून. घेणारा रंग बघत गेला, लावणारा रंग निवडत गेला. साल जाड झाली आणि चव कुठे गेली ते कुणाला कळलंच नाही. "हें माझ्या दुकानातलं सगळ्यांत देखणं," असं म्हणून त्याने ते कापलं आणि फोड आत्याबाईंच्या हातावर ठेवली.

आत्याबाईंचं तोंड पिठाचा बकाणा भरल्यासारखं हललं.

मग मामाने कापडी पिशवीतून हिमाचलचं एक काढलं, रेषांचं, पोचा आलेलं. सुरी लागल्याचा कर्र आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "हें मी ताटांत ठेवलं नाहीं. मीही रंगच बघितला." फोड पुढे करत तो बोलून गेला, "हिलाही दोन घरं रंगावरून सोडून गेली. दोनदां."

आईने डोळे मिटले. मी मुलाकडे पाहिलं. त्याने सकाळपासून पहिल्यांदा मान वर केली आणि फोडीसाठी हात पुढे केला. आत्याबाईंनी त्या हातावर चापट मारली.

"थांब रे. माझं होऊं दे." त्यांनी सावकाश चावून गिळलं, पदराने ओठ पुसले आणि मामाला म्हणाल्या, "दोनदां म्हणजे तिसरे आम्ही. भटजींना बोलवा, मुहूर्त टळतोय."

महिनाभर मामाची लाल सफरचंदं कुणी घेतली नाहीत. मग गावाने आपला मार्ग काढला. ताटात लाल, तोंडात रेषांचं. आज तंजावुरात सफरचंदांशिवाय निश्चय होत नाही, आणि ती कुणी खातही नाही.

काही वर्षांनी मामालाच समोरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. खिडकीतून त्याचं दुकान दिसायचं. भेटायला येणारा प्रत्येक जण अर्थातच सफरचंदं आणायचा, आणि मामा उशीवरून मान उचलून प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायचा. लोक चाचरायचे, पिशवी पाठीमागे लपवायचे. मी गेले तेव्हा त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. तरी त्याने विचारलंच.

"कोण आजारी आहे, गे?"

"कुणी नाही, मामा."

त्याचा चेहरा फुलला. त्याने उशीखाली चाचपलं आणि रेषांचं एक माझ्या हातात ठेवलं.