बोटांचे ठसे उमटलेली पिन

सन १९७४, श्रावणातला सोमवार, पहिली पाळी. हजर: मी (पॅकिंगची सुपरवायझर), धुलाईवर दापोडीची बाई, तेलाच्या टाकीवर चाचा, शिवाय तपासणीचे साहेब. गैरहजर कोणी नाही.

पिंपरीतल्या आमच्या लहानशा कारखान्यात यंत्रांत बसणाऱ्या, वीतभर लांबीच्या स्टीलच्या पिना बनत. ग्राइंडिंगहून आलेली पिन रॉकेलमध्ये धुवायची, कोरडी पुसायची, गंज न धरू देणाऱ्या तेलात बुडवायची, मेणकागदात गुंडाळायची. पुसल्यापासून तेलात जाईपर्यंत पिन उघडी असते. बिघडायचं ते तेवढ्यात बिघडतं.

त्या दिवशी मोठ्या कंपनीकडून एक खोका परत आला होता. साहेबांनी मेणकागद सोडला. तेलाखाली पिनांवर तांबूस ठसे होते, माणसाच्या बोटांचे.

"चाचा, तेलात पाणी घालता काय?"

"मैं क्या दूधवाला हूँ, साहब?"

साहेबांनी प्रत्येकाला एकेक पुसलेली पिन मुठीत धरायला लावली आणि रात्रभर टेबलावर मांडून ठेवली. सकाळी बाकीच्या पिना लखलखीत होत्या. दापोडीच्या बाईच्या पिनेवर चार बोटं आणि अंगठा, तांबडे.

"अगं, तुला बँकेत अंगठा द्यायला शाई लागायची नाही," चाचा म्हणाले. ती हसली. मग साहेबांचं तोंड बघून थांबली.

काही जणांचा घामच तसा असतो, साहेब म्हणाले. आजार नाही, त्यामुळे औषधही नाही. ती कामावर तात्पुरती होती, पुढच्या महिन्यात कायम होणार होती. घरात पगार तिचा एकटीचा.

मी उपाय लिहून काढले आणि एकेक करून पाहिले. तुरटीच्या पाण्यात हात बुडवले. पावडर लावली. सुती हातमोजे चहाच्या सुट्टीपर्यंत ओले झाले. रबरी मोजे रॉकेलमध्ये फुगले. चिमट्याने धरलं तर पिनेवर चरे पडले. दर वेळी तिची पिन टेबलावर मांडली, दर वेळी सकाळी ठसा होता. शेवटी तर ती टेबलाकडे येईना, लांबूनच माझ्या चेहऱ्याकडे बघायची.

"झाडलोटीला तरी ठेवा," मी साहेबांना म्हटलं.

"झाडायला माणूस आहे, बाई. आणि खोका पुन्हा परत आला तर आपण सगळेच घरी."

ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात शनिवारी तिने एप्रन घडी करून माझ्या टेबलावर ठेवला. हात पदरात गुंडाळले होते.

"ताई, भाकऱ्या ह्याच हातांनी थापते. त्यांना तर काय होत न्हाई."

एप्रन ठेवायला मी खण उघडला, आत तिची ठशाची पिन होती.

"ती पिन तेवढी घासून टाका. पोरी बघतील न् हसतील."

"आजच टाकते," मी म्हटलं.

जिना उतरून ती फाटकाबाहेर गेली. पुढे कुठे कामाला लागली का, कळलं नाही. दापोडीत दोनदा विचारलं. घर बदललं, एवढंच कळलं.

पिन माझ्या खणात राहिली. आता ती घरी आहे. अंगठ्याचा ठसा खोल गेलाय, काळा पडलाय. त्यावर नुसतं तेल लावून उपयोग नाही, आधी घासावं लागतं. एमरी कागद आहे, तेलही आहे. घासायची राहिली आहे.