रेच्यापुढली टोपली

वाशीमच्या स्टेशनाजवळ तेव्हा कापसाचा एक जिन होता. दिवाळी झाली की त्याचा भोंगा वाजायला लागे, तो होळीपर्यंत. तेवढे महिने मी आणि माझी मोठी जाऊ तिथे कामाला जात होतो; मी तिची देरानी, म्हणजे धाकटी जाऊ. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. माझी मुलगी अजून अंगावर पीत होती. आमचे नवरे, दोघे सख्खे भाऊ, रिसोडकडून कापसाच्या बैलगाड्या भरून आणत.

कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्राला आम्ही रेचा म्हणायचो. लांबलचक टिनाच्या छपराखाली रेच्यांची ओळ होती आणि एकेकीपुढे एकेक रेचा. उभ्याने हातांनी कापूस टाकत राहायचं. पुढे रुई पडे, खाली सरकी. दिवसभर कानात घरघर आणि नाकात रुईचे तंतू. रुई सगळ्यांची मिळून एका ढिगात जाई आणि गडी ती लगेच उचलून नेत. कोणाची किती, हे कोणी विचारत नसे.

मुलीचा झोका मी मागच्या बाभळीला बांधत असे. ती रडली की मी जाई, आणि तेवढा वेळ शेजारची बाई माझ्याही रेच्यावर कापूस टाके. माझ्या एका बाजूला जाऊ उभी राहायची, दुसऱ्या बाजूला खाला. खाला मुसलमानाची, विधवा, वयाने सगळ्यांत मोठी. म्हणून ती आम्हा सगळ्यांचीच खाला, म्हणजे मावशी. कापसात शेतातले खडे यायचे. खडा रेच्याच्या पात्यात सापडला की ठिणगी उडे. म्हणून मूठ झटकून, चाचपून मगच कापूस टाकायचा, ही तिथली रीत होती. नव्या बाईला पहिल्या दिवशी तेच शिकवत.

मग मालकाने एक मॅनेजर आणला. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या गिरणीत राहून आलेला. कोटाच्या खिशात साखळीचं घड्याळ. पहिले काही दिवस तो नुसता आमच्या पाठीमागे उभा राहून हातांकडे बघत होता. बाईच्या पाठीशी परका पुरुष उभा राहिला की अंग कसं चोरलं जातं, ते त्याला कोण सांगणार! मी एकदा वळून म्हटलंच, "साहेब, तुमी समोर या ना. मांगून काहून पाहून राह्यले?"

तो हसला. म्हणाला, "बाई, तुम्ही तुमचं काम करा. मी माझं करतोय."

तो कधी शिवी देत नसे. बोलताना 'बाई', 'तुम्ही'. मुकादम शिव्या द्यायचा, त्याचा मला इतका राग कधी आला नाही.

एका सकाळी गेलो तर प्रत्येक रेच्यापुढे एकेक टोपली. मॅनेजरने सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, की आता जिची तिची रुई वेगळी. दुपारी एकदा आणि सुटी व्हायच्या वेळी एकदा टोपल्यांचं वजन होणार. तोवर रुई टोपलीतच राहणार. जिची सगळ्यांत जास्त, तिला सगळ्यांसमोर गूळ मिळणार. जिची सगळ्यांत कमी, तिच्या रेच्याला दुसऱ्या दिवशी लाल फडकं बांधणार.

"ते कायले?" कोणीतरी विचारलं.

"म्हणजे सुस्त कोण आहे ते सगळ्यांना दिसेल," तो म्हणाला, "आणि सुस्ती जाईल."

मजुरी वाढवायचं नाव नव्हतं. शेळीला पाला दाखवावा तसा गूळ दाखवला.

पहिलं फडकं खालाच्या रेच्याला बांधलं गेलं. येणारा-जाणारा गाडीवानसुद्धा छपरात डोकावून हसायचा.  खाला पदराने तोंड झाकून काम करायला लागली. 

गूळ पहिल्यांदा माझ्या जावेला मिळाला. तिचे हात खरंच चपळ होते. घरी आणून तिने तो सासूच्या हातावर ठेवला, सासूने देवापुढे ठेवला. मलाही बरं वाटलं. पण मग ती त्या गुळाच्या मागेच लागली. मूठ झटकायचं सोडलं. खडा असो, काडी असो, टाकला कापूस. ती एकटीच असं करत नव्हती. ज्या मूठ झटकत राहिल्या, त्यांची टोपली कमी भरे आणि फडकं त्यांच्याकडे जाई. म्हणजे जी नीट काम करी ती सुस्त!

एक दिवस मुलगी रडली. मी नेहमीसारखी जावेला म्हणाले, "बाई, पाहा जरा," आणि बाभळीकडे पळाले. परत आले तर माझा रेचा रिकामाच फिरत होता. जाऊ माझ्याकडे बघेनाच. खाला स्वतःचं सोडून दोन मुठी माझ्यात टाकायला गेली होती, तर मॅनेजरने तिला हटकलं होतं, "ज्याचं त्याने करायचं."

दुसऱ्या दिवशी फडकं माझ्या रेच्याला.

त्या संध्याकाळी चुलीपुढे आमचं कडाक्याचं भांडण झालं. "तुले गूळ पायजे," मी म्हटलं, "मले पोरगी जगवा लागते."

"मंग घरी राय ना," जाऊ म्हणाली. "तुह्या पोरीपायी मी काहून मांगं पडू?"

तिला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या बाळंतपणात माझं डोकं मांडीवर घेऊन बसलेली बाई ती. कोणी बोलायला लावलं होतं तिला हे?  पुढचे किती दिवस मी मुलीचं रडणं ऐकत रेच्यापुढेच उभी राहिले. दूध पाझरून चोळी ओली व्हायची, अन् मी कापूस टाकत राहायची. मॅनेजर जवळून जाताना एकदा म्हणाला, "बघा, जमतं की नाही?"

मग तो दिवस आला. मंगरूळकडूनही कापूस आला होता, गाड्यांची रांग बाहेर रस्त्यापर्यंत. जावेची टोपली काठोकाठ भरलेली, वजनाला अजून वेळ होता. तिच्या रेच्यात खडा गेला. खट्‌ असा आवाज मी ऐकला. ठिणगी नेमकी त्या टोपलीत पडली. रुईला पेटायला किती वेळ लागतो? एक भपका झाला. जाऊ टोपली बाहेर ओढायला वाकली आणि तिच्या लुगड्याच्या पदराने पेट घेतला. मी तिला मागून कव घालून ओढलं. खालाने सरकीचं रिकामं पोतं तिच्यावर टाकून दाबलं. गडी वाळूच्या बादल्या घेऊन धावले, इंजिन बंद झालं. आग विझली, पण जावेचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत सोलून निघाला होता. ती किंचाळत होती.

मॅनेजर आला. त्याने आधी रेचा पाहिला, मग जळालेली टोपली. मग खिशातून घड्याळ काढलं आणि मुकादमाला विचारलं, "काम किती वेळ बंद आहे?"

जावेकडे त्याने पाहिलंही नाही.

 मी ओरडले, "अन् हिचा हात? त्याचं वजन नाई करत का?"

"बाई, शांत व्हा. खडा पाहून टाकायला नको का? हा निष्काळजीपणा आहे."

"आमी पाह्यत होतो तवा सुस्त म्हणत होते तुमी! पयले आमची रुई इथं राह्यत तरी होती का? लगेच उचलून नेत होते. ह्या टोपल्या कोनं ठेवल्या?"

तो म्हणाला, "इंजिन चालू करा."

मी माझी टोपली उचलली, रुई जमिनीवर ओतली, टोपली दाराबाहेर नेऊन पालथी घातली आणि तिच्यावर बसले.  मुलीला झोक्यातून काढून पदराखाली घेतलं. कोणी येईल असं वाटलं नव्हतं. आधी खाला आली. मग एक, मग दोघी. काही जणी आल्याच नाहीत, त्यांचे रेचे सुरू झाले. पण ओळ अर्धी रिकामी होती आणि बाहेर गाडीवान कलकलाट करायला लागले. माझा नवराही त्यात होता; जावेचा तेव्हा रिसोडकडेच होता. आधी तो माझ्यावरच खेकसला, "काहून बसली वो? गाडी कवा खाली व्हईन?" मी म्हटलं, "तुमची भावजय पाहा पयले." तो आत गेला. बाहेर येताच त्याने बैल जुंपले, जावेला भरल्या कापसावर निजवलं आणि दवाखान्याकडे गाडी वळवली.

त्याची पाहून आणखी गाड्या वळल्या, दुसऱ्या जिनकडे निघाल्या. तेव्हा कुठे मालक धावत आला. त्या दिवशी टोपल्या गेल्या, फडकी गेली. आमच्यासाठी नव्हे, गाड्यांसाठी. मॅनेजर हंगाम संपेपर्यंत तिथेच होता, फक्त पाठीमागे उभा राहत नव्हता.

पुढच्या दिवाळीला भोंगा वाजला. मी आणि खाला फाटकाशी गेलो. मुकादम म्हणाला, "तुमाले घ्याचं नाई. वरून हुकूम आहे." खाला म्हणाली, "चल बेटी, इसका मुँह क्या देखना." ती लोकांच्या घरी धान्य निवडायला लागली. मी वेचणीला, दुसऱ्यांच्या शेतात.

जावेचा हात भरून आला होता. बोटं जरा आखडली, तरी हात चालत होता. कापसाची आवक वाढली तसा मुकादम आमच्या दारात आला. तिला म्हणाला, "बाई, तू चाल. तुह्या हाताची सर कोनाले नाई."

जाऊ भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं. "माह्यी देरानी येईन त मी येईन."

"तिचं नाव काढू नको."

"मंग तू बी माह्यं नाव काढू नको," ती म्हणाली, आणि पिठाच्या हातांनी उठून त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं.

ते साल आमच्या घराला फार जड गेलं. सासू आम्हा दोघींना बोलायची, तिचंही चूक नव्हतं. जाऊही माझ्याबरोबर वेचणीला यायची. वाटेवर ती माझ्या मुलीला कडेवर घेऊन पुढे चालायची. त्या आखडलेल्या हाताने पोर धरता येई, पण शेतात ओटीत कापूस पटापट पडत नसे. शेतमालकीण एकदा तिला म्हणाली, "हात हळू चालतो वो तुहा." मी बांधावरून अशी काही ओरडले, की त्या बाईने पुन्हा ते तोंडातून काढलं नाही.