निखिलचं वय

नातीसाठी सुनेनं वेखंड उगाळलं आणि त्या वासासरशी मी धारला, वन्संच्या घरी जाऊन पोचले. तेव्हा माझा निखिल पाच महिन्यांचा होता, पण त्याची मान अजून डळमळायची. त्याला बघून शेजारीण म्हणाली, "कित्ते महीने का हुआ, भाभी?"

"तीन," मी म्हणाले.

त्याच्या बारशाला आलेल्या वन्सं समोरच होत्या. त्यांनी त्याच्या मानेला हात दिला. माझे कान तापले.

निखिल उशिरा का होईना चालला, शिकला. आज देवासला कारखान्यात इंजिनिअर आहे. त्या खोट्याची लाज वाटतेच. पण माझा आवाज ऐकून तो तेव्हा खुदकन हसला होता आणि मी तोंड फिरवलं होतं, त्याची जास्त वाटते.