गुरुवारची तपासणी

डॉक्टर सुखदेव मेश्रामांनी स्वतःची निवृत्तीसुद्धा औषधाचा कोर्स लिहून द्यावा तशी ठरवली. वहीत पाच कलमं काढली: पेशंटना सहा महिने आधी सांगणे, त्यांना चांगल्या हाती सोपवणे, उरलेली औषधं परत करणे, जागा रिकामी करणे आणि पाटी स्वतःच्या हातानं उतरवणे. मुदत, एकतीस मार्च. सप्टेंबर संपता संपता नारायण पेठेतल्या दवाखान्याच्या दारावर कागद लागला: "एक एप्रिलपासून दवाखाना बंद. कारण वय. त्यावर चर्चा करू नये."

अक्षर शालनताईंचं होतं, मजकूर डॉक्टरांचा. शेवटचं वाक्य लिहिताना शालनताई थबकल्या होत्या.

"जरा तोडून बोलल्यासारखं वाटतं, डॉक्टर."

"भंडाऱ्याहून येऊन चाळीस वर्षं झाली इथं. एवढं तरी शिकायला नको?"

त्यातली एकतीस वर्षं शालनताई त्यांच्याकडे कंपाउंडर होत्या. स्वारगेटहून बसनं यायचं, पदर खोचायचा आणि गोळ्यांच्या खिडकीशी बसायचं. कोण गोळ्या चहाबरोबर घेतो, कोण गादीखाली दडवतो, हे त्यांना ठाऊक असे. पायरीवरच्या चपलांच्या आवाजावरून त्या माणूस ओळखत. डॉक्टरांना मात्र त्यांनी एकदाच विचारलं होतं, मार्चच का, अजून वर्षभर थांबला असतात तर? ते म्हणाले, "उभ्यानं जायचंय मला, शालनताई. कुणीतरी हाताला धरून उठवण्याआधी."

त्या दवाखान्याची एक रीत होती. कार्ड माणसाचं नसे, घराचं असे. एका जाड पुठ्ठ्यावर सगळ्या घराची नावं, खाली एकाखाली एक नोंदी. कुणी गेलं की नावापुढे छोटी फुली, पण नाव तिथंच राही. "घरातून माणूस जातो, घराच्या दुखण्यातून जात नाही," असं डॉक्टर म्हणत. शालनताई कार्डावरची शेवटची ओळ वाचून पुडी बांधत. एकतीस वर्षांत चूक झाली नव्हती.

आता दर दुपारी दार लावून डॉक्टर पडद्याआड दहा-दहा कार्डं घेऊन बसत आणि मागच्या बाजूला सारांश लिहीत. दोन गल्ल्या सोडून बसणाऱ्या डॉक्टर पूर्णिमांकडे ही घरं जायची होती. लिहून झालेली कार्डं शालनताई पेटीत लावत.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी पेटी लावताना त्यांच्या हाती मंडईतल्या आलं-लिंबूवाल्या वैजनाथांच्या घराचं कार्ड आलं. वैजनाथ दोन वर्षांपूर्वी गेले. फुली होती. आणि खाली, आदल्या दिवशीची तारीख घालून, डॉक्टरांच्या तिरप्या अक्षरात ओळ होती: "वैजनाथ. वजन लागत नाही. पाय गार. झोप नाही म्हणतात."

तारीख चुकली असेल, म्हणून त्यांनी पुढचं कार्ड काढलं. मैनाबाई, गेल्या दिवाळीत गेलेल्या. "आवाज बसलेला. खुणेनं सांगितलं. पाय गार." त्यांनी पेटी पालथी घातली. अकरा कार्डं निघाली. अकराही फुलीची माणसं, अकराही नोंदी गुरुवारच्या. जिवंत माणसांच्या नोंदींत काना-मात्रेचीही गफलत नव्हती.

पुढच्या गुरुवारी दार लावल्यावर त्या घरी गेल्या नाहीत. खिडकीशी डबा उघडून बसल्या. एरवी निघता निघता पडद्याआडून डॉक्टरांचा आवाज येई तो फोनवरचा असेल, असं त्या आजवर धरून चालल्या होत्या. फोन तर त्यांच्यासमोर टेबलावर होता.

"जीभ दाखवा. हं. आता श्वास घ्या."

तपासणीच्या पलंगाचं रेक्झिन करकरलं. शालनताईंनी पडदा बोटभर सरकवला. डॉक्टर पलंगापाशी उभे होते. स्टेथोस्कोपचं टोक त्यांनी बसलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर हवेत धरलं होतं. ते ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी मान हलवली, कुणीतरी काही विचारावं तेवढा वेळ थांबले आणि म्हणाले, "नाही, मार्चनंतर मी नसेन. मग काय करायचं ते बघतो ना."

पलंगाच्या रेक्झिनवर खळगा पडला होता. तो हळूहळू भरून वर आला.

शालनताईंनी पडदा सोडला. सांगायचं कसं? सांगितलं तर मार्चची वाट बघायला नको, त्यांचं उभ्यानं जाणं त्याच क्षणी संपणार. गप्प बसलं तर कुणाचं बिघडतंय? गेलेल्यांना औषध बाधत नाही. एवढ्यावर त्यांनी मनाची समजूत घातली.

ती एक दिवस टिकली. शुक्रवारी सकाळी वैजनाथांची बायको कांताबाई प्रेशरच्या गोळ्यांना आली. डॉक्टर पूर्वीचंच चालू ठेवा म्हणाले, नवी ओळ लिहिली नाही. शालनताईंनी सवयीनं कार्डाची शेवटची ओळ वाचली, पुडी बांधली आणि खिडकीतून दिली. कांताबाईनं ती तिथंच उघडली.

"पांढऱ्या कशा गं? या तर ह्यांच्या गोळ्या. साखरेच्या."

शालनताईंनी पुडी तिच्या हातातून जवळजवळ ओढून घेतली. शेवटची ओळ आदल्या दुपारची होती, वैजनाथांची, आणि या वेळी पुढे औषधही लिहिलेलं होतं. साखर नसलेल्या बाईला दिवसातून दोन वेळा.

"अहो, गडबडीत झालं. थांबा, दुसऱ्या देते."

"होतं गं. तूही आता म्हातारी झालीस." कांताबाई वाकून हळू आवाजात म्हणाली, "एक सांगू? गुरुवारी दुपारी मला घर कसं मोकळं वाटतं. कुणीतरी बाहेर गेल्यासारखं. तीनच्या सुमाराला पुन्हा भरतं."

शेवटचा पेशंट गेल्यावर शालनताईंनी कार्ड आणि पुडी डॉक्टरांपुढे ठेवली. डॉक्टरांनी ओळ दोनदा वाचली.

"अक्षर माझंच आहे."

"वैजनाथ गेलेत, डॉक्टर."

"माहीत आहे. दाखला मीच लिहिला." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "पण येऊन बसतात. बसलेल्या माणसाला तपासायचं नाही? आणि तपासलं तर लिहायचं नाही?"

शालनताईंनी पुडी पुढे सरकवली.

"ही पुडी कुणाच्या हातात गेली होती?"

"कांताबाईच्या. तिनंच ओळखली."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. मग वही उघडून एकतीस मार्च खोडलं आणि त्यावर आजची तारीख घातली.

"दारावरचा कागद बदला. आजपासून बंद."

"काय लिहू?"

"कारण तेच. चर्चेचं वाक्य काढा. लोकांना विचारू दे."

सोमवारी शालनताई पेटीतली कार्डं घेऊन डॉक्टर पूर्णिमांकडे गेल्या. मेश्राम डॉक्टर बरोबर आले होते, स्वतःला दाखवायला. ते बाकाच्या अगदी टोकाला बसले. लेकराला घेऊन एक बाई शेजारी टेकायला लागली, तेव्हा ते अदबीनं म्हणाले, "इथं नको, ताई. पलीकडे बसता का?"

काउंटरवरच्या मुलीनं शालनताईंना विचारलं, "किती नंबर देऊ?"

त्यांनी बाकाकडे पाहिलं.

"एकच," त्या म्हणाल्या.

ते डॉक्टरांनी ऐकलं. ते बाजूच्या मोकळ्या जागेकडे वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही बसून राहा. माझं झालं की तुमचं विचारतो."